घुमटाचा ठेका आणि अडलेले पाऊल

१० जून २०२४, सोमवार

अग्रशाळेची, म्हणजे देवळाच्या आवारातल्या उतरण्याच्या जागेची, पडवी मिळाली. देवस्थानच्या मंडळींची एकच अट आहे: संध्याकाळच्या आरतीआधी सगळे आवरायचे. जागा म्हार्दोळच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून आत, त्यामुळे गाड्यांचा आवाज नाही. टेपने मोजली. सोळा मीटर लांब, लाल सिमेंटची, कुठे उतार नाही. मधले दहा मीटर खडूने आखून घेतले आणि दोन्ही टोकांना मोकळी जागा ठेवली, कारण माणूस चालू लागताना आणि थांबताना त्याचा खरा वेग दिसत नाही. एका टोकाला दार आहे, दाराला चार बोटे उंच उंबरठा. हा उंबरठा पाहूनच मी ही जागा मागितली होती.

काम असे ठरले: कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) तीन रुग्णांना घुमटाच्या, म्हणजे एका तोंडाला कातडे ताणलेल्या आमच्या मातीच्या वाद्याच्या, ठेक्यावर चालवायचे, दर सोमवारी आणि गुरुवारी, चवथ (गणेश चतुर्थी) उलटून महिना होईपर्यंत. मी गेली अकरा वर्षे गोव्यात फोंडा तालुक्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. गुडघे, कंबर, मोडलेली हाडे यांत माझ्या हातून काहीतरी होते. कंपवातापुढे मात्र मी फार वेळा गप्प उभी राहिले आहे. स्नायूंत बळ असते, सांधे ठीक असतात, माणसाला पलीकडे जायचे असते, आणि पाऊल उठत नाही. "पाय जमिनीला चिकटतात" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले की आता त्यावर काहीतरी करून पाहिल्याशिवाय चैन नाही.

वहीत तिघांची खरी नावे लिहायची नाहीत. मास्तरकाका, वय ७१, मराठी शाळेत मुलांना शिकवण्यात आयुष्य गेले. केरीच्या आजी, ६८. पोस्टमनमामा, ६४, बांदोड्याचे. तिघांच्या डॉक्टरांना विचारून घेतले आहे. गोळ्या चालूच राहतील, आमचे काम त्यांच्या जोडीला.

घुमट वाजवणार माझा चुलतभाऊ. पंधरा वर्षे गावच्या आरती मंडळात वाजवतो. म्हणाला, "ताई, माणसं डोलायला कशी लावायची ते मला येतं. चालवायची कशी ते तू सांग."

१३ जून, गुरुवार

आज घुमट नाही. नुसते मोजमाप.

तिघांनाही सकाळची गोळी घेतल्यानंतर एका तासाने बोलावले होते. हे पाळले नाही तर मोजण्याला अर्थ उरत नाही. या गोळीतल्या औषधाचा, लेव्होडोपाचा, अंमल चढलेला असताना आणि उतरलेला असताना तोच माणूस दोन वेगळी माणसे असल्यासारखा चालतो. भरपेट मासे किंवा डाळ खाऊन गोळी घेतली तर प्रथिने आतड्यात तिच्याशी चढाओढ करतात आणि अंमल उशिरा येतो. मास्तरकाकांच्या पत्नीला, काकींना, हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते. त्या रोज जेवणाबरोबर गोळी देत होत्या. डॉक्टरांना विचारून वेळ बदलायला सांगितले.

मास्तरकाका: दहा मीटरला १६ सेकंद, मिनिटाला ९४ पावले. आजी: १४ सेकंद, १०० पावले. मामा: १३ सेकंद, १०४ पावले.

मग उंबरठा. आजी आणि मामा जरा रेंगाळले पण गेले. मास्तरकाका दारापाशी आले आणि थांबले. गुडघे थरथरू लागले, टाचा उचलल्या गेल्या, पण पाऊल पुढे पडेना. स्टॉपवॉच चालूच होते, ४१ सेकंद. मागून काकी म्हणत होत्या, "अहो, उचला ना पाय, उचला." त्या जितके म्हणत तितके काका जास्त अडत. शेवटी मी काकींना खुणेने गप्प केले. या माणसाने चाळीस वर्षे वर्गात उभे राहून शिकवले आहे. त्यांच्या चेहऱ्यावरची शरम मला पाहवली नाही.

२० जून, गुरुवार

भावाला आज नीट समजावून सांगितले, कारण हे कशासाठी ते कळल्याशिवाय तो मला हवे तसे वाजवणार नाही.

मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके आहेत. रोजच्या सवयीच्या हालचाली, म्हणजे चालणे, वळणे, खुर्चीतून उठणे, आपण विचार न करता एकामागून एक करतो, त्या वेळेवर सुटाव्यात हे बरेचसे काम या भागाकडे असते. त्याला डोपामाइन पुरवणाऱ्या पेशी मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यात असतात. कंपवातात त्या मरत जातात. आतला ताल देणाराच थकतो आणि पावले लहान होतात, रखडतात, अडतात.

ठेक्याचे आणि या भागाचे नाते जुने आहे. जेसिका ग्राहन आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये निजवून लयीचे तुकडे ऐकवले. हातपाय हलवायचे नव्हते, फक्त ऐकायचे होते. तरी ठेका स्पष्ट असला की बेसल गँग्लिया आणि हालचालींची आखणी करणारा मेंदूचा भाग कामाला लागलेला दिसला. आरती चालू असताना हात आपोआप मांडीवर पडतो तो यामुळेच. दोन वर्षांनी त्याच दोघांनी दाखवले की कंपवाताच्या रुग्णांना असे ठेके ओळखणे इतरांपेक्षा जड जाते.

इथे भावाने बरोबर जागी बोट ठेवले. "मग ज्याचा आतला ठेकाच बिघडलाय त्याला बाहेरून ठेका देऊन काय उपयोग?"

उपयोग होतो. कानातून आलेला ठळक ठोका हालचालींच्या यंत्रणेपर्यंत दुसऱ्या वाटांनीही पोहोचतो, लहान मेंदू आणि हालचालींची तयारी करणारा वरचा प्रीमोटर भाग यांच्यामार्गे, असे आज मानले जाते. आतून "आता" म्हणणारा कोणी नसेल तर बाहेरून कोणीतरी "आता" म्हणायचे. मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९६ मध्ये कंपवाताच्या रुग्णांना तीन आठवडे रोज घरच्या घरी तालबद्ध संगीतावर चालायला लावले. त्यांचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. हा निबंध मी शिकत असताना वाचला होता, आणि तेव्हापासून मनात घुमट आहे.

घुमटच का? कारण या तिघांच्या हाडांत तो आहे. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण चवथीला ज्याच्या घरी गणपती बसतो त्याला तो कोणी द्यावा लागत नाही. शिवाय संशोधन सांगते की ओळखीच्या संगीतावर पावले जास्त मोकळी पडतात. अनोळखी गाण्यात ठोका शोधण्यातच लक्ष खर्ची पडते.

२७ जून, गुरुवार

पहिला दिवस ठेक्याचा. नियम साधा: माणसाच्या स्वतःच्या पावलांपेक्षा पाच ते दहा टक्के जलद वाजवायचे, त्याहून जास्त नाही. मास्तरकाकांची ९४ पावले, म्हणून मिनिटाला ९९ ठोके. भावाच्या एका कानात मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या वेगाने टकटक करणारे यंत्र.

मास्तरकाका दोन फेऱ्या अंदाज घेत चालले. तिसऱ्या फेरीला टाच आधी टेकू लागली. दहा मीटर साडेतेरा सेकंदांत! पावले मोजली तर मघापेक्षा कमी, म्हणजे काका घाई करत नव्हते, पाऊल लांब टाकत होते. मला हवे होते ते हेच. उजवा हात, जो चालताना पोटाशी गोठलेला असतो, तो थोडा झुलला. काकींनी तोंडावर पदर धरला.

पहिल्या दिवसाचा उत्साह, माणसांची नजर, या सगळ्याने वेग वाढतो. म्हणून या आकड्याखाली अजून रेघ मारत नाही.

४ जुलै, गुरुवार

पाऊस. घुमटाचे कातडे इतके सैलावले की ठोक्याला गुंज राहिली नाही, नुसती थप्पड. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे असे. घोरपड संरक्षित प्राणी, त्यामुळे त्याला आता बंदी आहे आणि ती असायलाच हवी. आता बकऱ्याचे कातडे येते, त्याला दमट हवेत फार जपावे लागते. भावाने चुलीजवळ धरून शेकले, वीस मिनिटे बरे वाजले, पुन्हा उतरले.

म्हणून मागच्या सोमवारी मोबाइलवर घेतलेले वादन लावले. तिघांचीही पावले ठोक्यावर पडेनात. आधी वाटले, समोर वाजवणारा माणूस दिसत नाही म्हणून. मग स्वतः डोळे मिटून ऐकले तेव्हा कळले की मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून घुमटाचा "घुम्" येतच नाही. बोटांची टकटक आणि वरून कासाळ्याचा (साथीच्या झांजेचा) किणकिणाट, एवढेच. घुमटाचे मागचे लहान तोंड तळव्याने झाकत-उघडत तो खर्ज काढतात, आणि पाऊल त्या खर्जावर पडते. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की खालच्या पट्टीतल्या आवाजाची वेळ मेंदू वरच्या पट्टीपेक्षा अचूक पकडतो, आणि बोटे ठोक्यावर मारायची असली तरी ती खर्जाकडेच झुकतात. त्यात म्हातारपणी आधी जातात ते वरचे आवाज. कासाळे बाजूला ठेवले. फोंड्याच्या बाजारातून खर्ज नीट देणारा स्पीकर आणला. पावसाळाभर तोच.

११ जुलै, गुरुवार

निरनिराळे ताल करून पाहिले. आठ मात्रांचा भजनी ठेका सर्वांत सोपा, डावा-उजवा, डावा-उजवा, प्रश्नच नाही. दादराही चालला, सहा मात्रांत एक आणि चारवर पाय. रूपक मात्र हाती घेतला आणि लगेच सोडला: तीन-दोन-दोन असे सात मात्रांचे वजन, पाय कधी लांबतो कधी आखडतो, आणि निरोगी मीसुद्धा लंगडल्यासारखी चालू लागले. तबलावादक लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांच्या भूमीत रूपकाला नाही म्हणताना मला वाईट वाटले, पण पडवीत कसोटी पावलाची आहे.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. उद्याचे सत्र नाही. आजींचा उपास आहे, आणि मास्तरकाका भजनाला बसणार. फोनवर एवढेच सांगितले की गोळीची वेळ चुकवू नका.

२५ जुलै, गुरुवार

पोस्टमनमामांच्या बाबतीत मला मान्य करावे लागते. चार आठवड्यांत ते सुधारले नाहीत, उलट ठेक्यावर अधिक वाईट चालतात. आज घुमट लावल्यावर १३ सेकंदांचे १५ झाले. ते ठोका ऐकतात, थांबतात, पाऊल टाकतात, तोवर पुढचा ठोका गेलेला असतो. चेहऱ्यावर गणित सोडवल्याचा ताण.

मामा संगीताचे वेडे आहेत. सायकलवरून टपाल वाटताना नाट्यगीते गुणगुणत जायचे, सगळे बांदोडे सांगते. म्हणून मी गृहीत धरले होते की त्यांना सर्वांत जास्त फायदा होईल. पण गाणे आवडणे आणि ठोका पकडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही माणसांना ठोका मुळातच कमी पकडता येतो, आणि अशांना "ठेक्यावर चाल" म्हटले की त्यांची चाल बिघडते, हे ग्राहन यांच्या गटाने २०१४ मध्ये निरोगी तरुणांत पाहिले होते. मी ते वाचले होते आणि तरी पहिल्या दिवशी मामांना साधी टाळी धरायला लावून तपासले नाही. आज तपासले. माझ्या टाळीबरोबर त्यांची टाळी चार वेळासुद्धा जुळली नाही.

मामांसाठी ठेका बंद. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या, एका पावलाइतक्या अंतरावर, आडव्या. ही दुसरी जुनी युक्ती, कानाऐवजी डोळ्यांतून दिलेली खूण. पहिल्याच फेरीला पाऊल मोकळे झाले. मामा म्हणाले, "आता गाणं लाव की, पण नुसतं ऐकायला." चालून झाल्यावर आम्ही सगळे बसून अर्धा तास नाट्यगीते ऐकली. हेही सत्राचाच भाग म्हणून वहीत लिहिते, कारण कंपवातात नैराश्य अनेकांना ग्रासते, आणि मामा त्या अर्ध्या तासात जेवढे बोलले तेवढे महिन्याभरात बोलले नव्हते.

८ ऑगस्ट, गुरुवार

आज मास्तरकाका पडता पडता वाचले, आणि चूक माझी होती.

उद्या नागपंचमी, परवापासून वास्कोचा सप्ताह. सगळ्यांच्या अंगात सण शिरलेला. हवा जरा उघडली म्हणून भावाने घुमट आणला आणि काका म्हणाले, "आज पुरी आरती होऊ दे." मी हो म्हटले. गोव्यातली घुमट आरती ज्याने ऐकली आहे त्याला ठाऊक आहे की ती संथ सुरू होते आणि शेवटी चढत जाते. वाजवणाऱ्याच्या हाताला तेच वळण असते. शेवटच्या कडव्यापाशी लय सुटली, काकांची पावले तिच्यामागे धावली, लांबी कमी होत गेली आणि वेग वाढत गेला, धड पुढे कलले. कमरेचा पट्टा माझ्या हातात होता म्हणून आवरले. नाहीतर समोर भिंत होती.

कंपवातात पावले अशी स्वतःहून धावत सुटतात, माणसाला थांबता येत नाही. चढत्या लयीने मी त्याला निमंत्रणच दिले. जो ठेका अडलेल्याला सोडवतो तोच सुटलेल्याला ढकलतो.

भाऊ खूप वेळ घुमट मांडीवर घेऊन गप्प बसला होता. त्याला सांगितले की दोष त्याचा नाही. यापुढे चालताना अख्खी आरती कधीही नाही. एकच लय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि शेवटी तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून केलेली समाप्ती) न घेता मी हात वर केला की ठोका मंद न करता सरळ बंद.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सत्राचा दिवस नव्हता, पण आजींच्या घरी धावत जावे लागले. त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवले होते की अमुक राग रोज ऐकला तर मेंदूत डोपामाइन तयार होते आणि कंपवात बरा होतो. त्याने चार दिवस दुपारची गोळी बंद करून राग लावून ठेवला. आजी बिछान्यातून उठू शकत नव्हत्या.

मुलगा वाईट नाही. आईला गोळ्यांनी मळमळते हे त्याला पाहवत नाही. म्हणून रागावले नाही, ओसरीवर बसून नीट सांगितले. त्या मजकुरात अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये वलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोर आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या आवडीचे, अंगावर काटा आणणारे संगीत ऐकवून मेंदूची छायाचित्रे घेतली. तिथे खरोखरच डोपामाइन पाझरताना दिसले: आवडती जागा येणार येणार असताना एका भागात, ती आल्यावर दुसऱ्या भागात. भैरवीतली ठरावीक जागा जवळ आली की श्वास रोखला जातो तो याच कारणाने. पण ती माणसे निरोगी होती, त्यांच्या पेशी शाबूत होत्या. ज्या पेशींनी डोपामाइन बनवायचे त्याच मेल्या असतील तर गाणे त्या पुन्हा जिवंत करत नाही. विहीर आटली असेल तर चांगल्या रहाटाने पाणी वर येत नाही.

त्याने डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला. गोळी पुन्हा सुरू. मळमळीसाठी त्यांनी वेगळे काही लिहून दिले.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आजी परत आल्या, थोड्या उतरलेल्या. घुमटाच्या ठेक्यावर त्या बरे चालतात, पण वळताना अडखळतात. पडण्याचे मोठे कारण वळणच असते. आज त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "बाये, घुमट पुरुषांचा. आमचा ठेका धालोचा."

मला का सुचले नाही! धालो म्हणजे पौषातल्या रात्री मांडावर, गावच्या ठरलेल्या अंगणात, बायकांचा खेळ. दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफलेले, गाणे म्हणत झुलत पुढे जायचे, वाकायचे, मागे यायचे. आजींनी लग्नाआधी माहेरी आणि नंतर सासरी मिळून पन्नासएक वर्षे तो केला आहे. काकी, मी, आजींची सून आणि देवळात फुले घेऊन आलेल्या दोघीजणी अशी रांग केली. आजी मध्ये, दोन्ही बाजूंनी कमरेला आधार.

मागे जाण्याची मला धास्ती होती, कंपवातात मागे तोल जाणे फार होते. म्हणून मागची पावले दोनच ठेवली आणि एक बाई पाठीशी उभी केली. आजींनी पहिली ओळ उचलली. आवाज बारीक, कंपवातात आवाजही क्षीण होतो, पण दुसऱ्या कडव्याला तो खुलला. वजन डाव्यावरून उजव्यावर जाऊ लागले. हे वजन हलवणेच त्यांना वळताना जमत नव्हते. आठ फेऱ्या झाल्यावर मी त्यांना गाणे चालू ठेवूनच वळायला सांगितले: पूर्वी सात-आठ तुकड्यांत वळायच्या, आज चार पावलांत वळल्या.

मी मोजत होते, आणि डोळे भरून आल्याने एक आकडा चुकला. तो पुन्हा मोजला.

पाठीमागून गुंफलेल्या हातांचे काय काम असते हेही आज कळले. एकत्र गाताना माणसांचे श्वास एका ओळीवर येतात, आणि स्वीडनमधल्या एका अभ्यासात २०१३ मध्ये दिसले की समूहगायकांच्या हृदयाच्या गतीचे चढउतारही एकत्र येतात. संथ लांब ओळ, लांब उच्छ्वास, म्हणून हृदय मंदावते. आजींचा पाय सुटला तो ठेक्याने की शेजारणीच्या कमरेच्या झुल्याने, हे मला वेगळे काढता येत नाही आणि या वयाच्या बाईसाठी वेगळे काढायची गरजही वाटत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

चवथीमुळे सत्रे बंद होती. मंगळवारी मास्तरकाकांकडे आरतीला गेले. गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची माटोळी छान बांधली होती. काका पाटावर बसून झांज वाजवत होते. एकाने मला कौतुकाने दाखवले, "बघा, हाताचा कंप गेला." खरे म्हणजे हा कंप हात स्वस्थ असताना दिसतो आणि हात कामाला लागला की कमी होतो. श्रेय झांजेचे नाही. पण काका दोन वर्षांनी झांज हातात घेऊन बसले, हे श्रेय मी नक्की घेईन.

तिथेच त्यांचे धाकटे भाऊ होते. गेल्या वर्षी डाव्या मेंदूत झटका आला, तेव्हापासून वाचा गेली. "पाणी" म्हणायचे असले तरी तोंडातून फक्त "त्... त्..." येते. आरती सुरू झाली आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून शब्दन् शब्द म्हटला, स्पष्ट. घरच्यांना हे नवे नव्हते, ते देवाची कृपा म्हणून हात जोडत होते. मी त्यांच्या श्रद्धेला हात लावला नाही, पण त्यांच्या पत्नीला, वहिनींना, बाजूला घेऊन सांगितले की याचा उपयोग करता येतो. बोलण्याची केंद्रे बहुतेकांत डाव्या बाजूला असतात, गाण्याच्या कामात उजवी बाजूही मोठी भागीदार असते आणि पाठ असलेली ओळ वेगळ्या वाटेने येते. १९७३ मध्ये बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी यावरून उपचारपद्धतच मांडली: रोजच्या गरजेचे छोटे वाक्य दोन सुरांत म्हणायचे, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठोका द्यायचा, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. वाचोपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. तोवर वहिनी "पा-णी दे" दोन सुरांत म्हणून पाहू लागल्या होत्या, नवऱ्याचा हात हातात धरून.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आता खरा प्रश्न. पडवीत घुमट आहे, घरात नाही. बाजारात नाही, बसच्या पायरीपाशी नाही. काका कानात इअरफोन घालून रस्त्यावर चालले तर मागून आलेली गाडी ऐकू येणार नाही.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एलिनॉर हॅरिसन आणि गॅमन अर्हार्ट यांच्या कामात याचे उत्तर सापडले. त्यांनी कंपवाताच्या रुग्णांना तीन प्रकारे चालवून पाहिले: बाहेरचे संगीत ऐकत, स्वतः मोठ्याने गात, आणि मनातल्या मनात गात. मनात गाताना पावलांतला अनियमितपणा सर्वांत कमी झाला. बाहेरच्या ठेक्याशी जुळवून घ्यावे लागते, स्वतःचे गाणे आपल्या पावलाला धरूनच चालते.

काकांना सांगितले: चालण्याआधी उभे राहा. घुमट मनात वाजू द्या. दोन आवर्तने ऐका. मग पहिल्या ठोक्यावर पाऊल. काका म्हणाले, "म्हणजे पाढ्याआधी मुलांना श्वास घ्यायला लावायचो तसं." अगदी तसेच.

आज घुमट एक फेरी वाजवला, एक फेरी बंद, पुन्हा वाजवला, पुन्हा बंद. बंद फेरीत काकांचे ओठ किंचित हलत होते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल कोजागिरी होती, आज शेवटचे मोजमाप. गोळीनंतर एक तास, तीच पडवी, घुमट नाही, स्पीकर नाही.

आजी: १२ सेकंद. मामा, घरी लावलेल्या पट्ट्यांवर सराव करून: पडवीत पट्ट्यांशिवाय १३, म्हणजे पूर्वीइतकेच. पट्ट्यांवर ११. मामांना त्यांच्या घरच्या न्हाणीघराच्या वाटेवर कायमच्या पट्ट्या रंगवून देणार आहे. मास्तरकाका: १३ सेकंद, मिनिटाला ९८ पावले. तीन माणसांवरून मी काही सिद्ध करत नाही. गोळीची वेळ बदलली त्याचाही यात वाटा आहे, आणि तो किती हे माझ्या मोजण्यातून निघत नाही.

मग उंबरठा. काकी बाहेर थांबल्या, मी पट्टा धरून बाजूला. काका दारापाशी आले आणि थांबले. गुडघ्यांत थरथर आली. मी स्टॉपवॉच पाहिले नाही, त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिले. अंगठा आणि दोन बोटे मांडीवर हलकेच पडत होती, खर्ज, मग दोन बारीक. एक आवर्तन गेले. दुसरे गेले. देवळात कोणीतरी घंटा वाजवली तरी बोटे चुकली नाहीत.

पहिल्या ठोक्यावर काकांनी पाय उचलला आणि उंबरठ्याच्या पलीकडे ठेवला.

मागे वळून त्यांनी विचारले, "किती सेकंद?" मी म्हटले, "काका, मोजायचं राहिलं. परत एकदा या."